स्टेनलेस स्टीलचे तीन तुकडे

हैदराबादच्या बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानांवर ‘स्टेनलेस स्टील’ हे शब्द इंग्रजी, तेलुगू, उर्दू आणि देवनागरी अशा चार लिप्यांत भेटतात. देवनागरीतले हे शब्द शाळेत शिकवल्याप्रमाणे मोजले, तर अक्षरे सहा भरतात: स्टे, न, ले, स, स्टी, ल. इंग्रजी ज्याची मायबोली आहे त्याच्या तोंडून मात्र तीनच तुकडे बाहेर पडतात: स्टेन, लेस, स्टील. उर्दू लिहिणारा ‘स्टील’च्या आधी अलिफ घालतो आणि दखनी बोलणारा सरळ ‘इस्टील’ म्हणतो; एकाचे दोन झाले. तेलुगू बोलणारे गिऱ्हाईक ‘स्टीलु’ मागते. तिथेही दोनच, पण वाढीव तुकडा शेपटाला. पातेले तेच, भाव तोच, शब्दाचे माप मात्र दर भाषेगणिक निराळे. इंग्रजी शब्द कसे तोडावेत हे सांगणाऱ्या या पुस्तिकेने आपली उदाहरणे लंडनच्या रस्त्यांवरून न आणता या बाजारातून उचलली, त्याचे कारण हेच आहे. एका शब्दाला चार कान काय करतात, हे दाखवणारी जागा याहून सोयीची मिळणार नाही.

शब्दाच्या या तुकड्याला इथे सर्वत्र ‘सिलेबल’च म्हटले आहे, कारण ‘अक्षर’ म्हटले की मराठी वाचकापुढे लिहिलेले चिन्ह उभे राहते आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. सिलेबल कानाने मोजायचे असते. एका स्वराभोवती जमलेले आणि त्याच्याबरोबर एका झटक्यात सुटणारे ध्वनी म्हणजे सिलेबल. क्वचित स्वराची जागा ल किंवा न यांसारखे व्यंजनच भरून काढते. इंग्रजी ‘बॉटल’चा शेवट तसा आहे. माझे म्हणणे असे आहे की मराठी माणसाला सिलेबल ही गोष्ट नव्याने शिकवावी लागत नाही. बोलताना तो ती रोज पाडतो आणि शाळेत वृत्ते शिकताना तर नियम लावून पाडतो. त्याला अडवते ती लिपी, आणि लिपीवर पोसलेली मोजण्याची सवय. म्हणून इंग्रजी शब्द तोडण्याची वाट स्पेलिंगच्या नियमांतून किंवा कोशांतल्या टिंबांतून काढण्यापेक्षा मराठी कानातून काढावी.

हैदराबादच्या मराठी माणसाला हे सांगणे अधिक गरजेचे आहे, कारण त्याच्यापर्यंत इंग्रजी शब्द सरळ वाटेने क्वचितच आले. केशवराव कोरटकरांच्या पुढाकाराने 1907 साली इथे विवेकवर्धिनीसारखी मराठी शाळा उभी राहिली, पण संस्थानाचा कारभार उर्दूत चालत होता आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू धरले. इंग्रजी शब्द अर्जांतून, हुकमांतून आणि बाजारातून उर्दूचा पोशाख चढवूनच घरात येत. 1948 नंतर विद्यापीठ इंग्रजीकडे वळले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि हैदराबादेत राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवर उर्दूच्या जोडीने तेलुगूचा भार वाढला. आज त्या घरातले मूल इंग्रजी माध्यमात शिकते, घरी मराठी बोलते, रिक्षावाल्याशी दखनीत हुज्जत घालते आणि वर्गमैत्रिणीशी तेलुगूत गप्पा मारते. त्याच्यापाशी कान कमी नाहीत. उलट कोणता कान केव्हा लावायचा हे कोणी सांगितले नाही, एवढीच त्याची अडचण.

मराठी कानाची पहिली साक्ष ‘बस’ या एवढ्याशा शब्दात आहे. लिहिताना अक्षरे दोन, बोलताना सिलेबल एक. शेवटच्या ‘स’मधला अ मराठी माणूस खाऊन टाकतो आणि आपण काही खाल्ले याची त्याला दादही नसते. ‘होलसेल’मध्ये चार अक्षरांची दोन सिलेबले होतात, ‘ट्रेडर्स’मध्ये तिनाची दोन, ‘करवत’ या अस्सल मराठी शब्दातही चारांची दोनच. म्हणजे लिहिलेल्या अक्षरांतून बोललेली सिलेबले काढण्याचे गणित आपण झोपेतही सोडवत असतो. मग इंग्रजी शब्द तोडायला सांगताच तोच माणूस ‘हो-ल-से-ल’ असे चार बोटांवर का मोजतो? कारण मोजण्याची वेळ आली की आपण कान मिटून डोळा उघडतो. ही सवय आपल्या छंदांनीही घट्ट केली आहे. मोठ्या अभंगात 6, 6, 6 आणि 4 अशी 22 अक्षरे भरतात ती लिहिलेली अक्षरे असतात. तिथे ‘घर’ दोनच. गाताना त्या दुसऱ्या अक्षराला ताल आणि चाल मिळते, म्हणून ते खपतेही. बोललेल्या इंग्रजीत त्याला कोणी जागा देत नाही.

पण त्याच पद्यपरंपरेने आपल्याला दुसरी एक शिकवण दिली आहे आणि ती थेट उपयोगाची आहे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याचे छंद, वृत्ते आणि जाती असे वर्ग लावले. त्यांतल्या छंदाला अक्षरांची संख्या पुरते, पण वृत्त आणि जाती यांना लघू-गुरूंशिवाय पाऊल टाकता येत नाही. लघू-गुरूंचा शाळेतला नियम सगळ्यांना पाठ असतो: जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू. ‘सत्य’मधला स ऱ्हस्व असूनही गुरू का? डोळ्याला स आणि त्य दिसतात, पण कान सत् आणि य ऐकतो. त्चा भार मागच्या तुकड्यावर पडतो आणि तो जड होतो. याच नियमाला शाळेतल्याच व्याकरणात एक पोटनियम आहे. आघात येत नसेल, तर आधीचे अक्षर लघूच राहते. ‘तुझ्या’तला तु लघू, कारण तिथे आपण तुझ्-या असे तोडत नाही, तु-झ्या असे तोडतो. ‘दुसऱ्या’, ‘कुण्या’ यांची गत तीच. जोडाक्षर दोन्हीकडे आहे. एकीकडे ते फुटते, दुसरीकडे फुटत नाही, आणि निवाडा कान करतो. व्यंजन मागे ठेवायचे की पुढे ढकलायचे, हाच इंग्रजी सिलेबलचा मुख्य प्रश्न आहे. शाळेतला विद्यार्थी वृत्त ओळखताना तो मराठीत सोडवतो आणि इंग्रजीच्या तासाला तो प्रश्न आपण कधी पाहिलाच नाही अशा चेहऱ्याने बसतो. दोन विषयांचे शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, याचा असाही एक परिणाम.

आता लिपी कुठे फसवते ते पाहू. बेगम बाजारात कागदी ताटल्यांचा ठोक व्यापार आहे आणि मसाल्याचाही. पाटी देवनागरीत लिहिली की ताटल्यांची ‘पेपर प्लेट’ होते आणि काळ्या मिऱ्यांचे ‘ब्लॅक पेपर’. कागद आणि मिरी या दोन इंग्रजी शब्दांना देवनागरीने एकच कपडा शिवला. तेलुगू पाटी असे करत नाही. तेलुगूत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांची चिन्हे वेगळी आहेत, शिवाय मिऱ्याच्या शब्दात प दुप्पट लिहिण्याची रीत आहे. त्यामुळे तिथे कागद कागद राहतो आणि मिरी मिरी. इंग्रजी स्पेलिंगही हे सांगते, फक्त आपल्याला वाचता यायला हवे. कागदाच्या शब्दात पी एकदा येतो. पहिले सिलेबल पी आणि ए यांच्यावर संपते, उघडे राहते, आणि उघड्या सिलेबलात ए लांबतो. मिऱ्याच्या शब्दात पी दोनदा येतो. त्यांतला पहिला दार लावून घेतो आणि आतला स्वर आखूड होतो. उघड्या तुकड्यात स्वर लांब, बंद तुकड्यात आखूड, हा इंग्रजी वाचनातला सर्वांत कामाचा नियम आहे.

मराठी मुलाला तो जड जातो, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत पारडे नेमके उलटे झुकते. ‘तूप’ हे एकच सिलेबल आहे, व्यंजनाने बंद, आणि त्यातला ऊ दीर्घ. ‘तुपात’ म्हटले की पहिले सिलेबल उघडे होते आणि तोच उकार ऱ्हस्व होतो. ‘सून’ आणि ‘सुनेला’, ‘वकील’ आणि ‘वकिलाला’ यांतही तेच. शुद्धलेखनाचा नियम म्हणून हे आपण घोकतो, पण हा नियम मुळात सिलेबल उघडे की बंद याच प्रश्नाशी बांधलेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. ते सांगितले, तर विद्यार्थ्याच्या हाती दोन्ही भाषांची किल्ली एकदम येते: आपल्याकडे शेवटचे दार लागले की स्वर लांबतो, त्यांच्याकडे दार लागले की स्वर आक्रसतो.

यावर पहिली हरकत स्पेलिंगवाल्यांची. नियम इतका सरळ असेल तर कान कशाला हवा, स्पेलिंग पाहून शब्द तोडा आणि मोकळे व्हा. त्यांना भांड्यांच्याच गल्लीतला ‘मेटल’ हा शब्द दाखवावा आणि त्याच्या शेजारी ‘मीटर’ ठेवावा. दोन्हींची सुरुवात एम, ई, टी या तीन अक्षरांनीच होते आणि पुढे लगेच स्वर येतो. टी दोन्हींत एकेकच. तरी ‘मीटर’चे पहिले सिलेबल उघडे आणि लांब, ‘मेटल’चे बंद आणि आखूड. टी कुठे जातो हे कागदावर लिहिलेले नाही. शब्द ऐकल्याशिवाय ते कळत नाही. ‘हॅबिट’, ‘लेमन’, ‘मॉडेल’ अशा रोजच्या कितीतरी शब्दांत एकाच व्यंजनाने दार लागते. नियम अंदाज बांधायला उत्तम आहे. निकाल त्याच्या हाती देता येत नाही.

इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी हा वाद आपल्याआधी घालून ठेवला आहे. अठराव्या शतकात टॉमस डिलवर्थ यांचे शब्दशिक्षणाचे पुस्तक दोन्ही देशांतल्या शाळांत चालत होते. त्यात ‘हॅबिट’ हा-बिट असा आणि ‘क्लस्टर’ क्ल-स्टर असा तोडलेला होता. व्यंजन शक्यतो पुढच्या तुकड्यात ढकलायचे, ही त्यांची रीत. देवनागरीत आपण क्ल, स्ट, र असे लिहितो ते या रीतीला किती जवळचे आहे पाहा. नोआ वेब्स्टर यांनी 1783 साली आपले शब्दशिक्षणाचे पुस्तक काढले आणि ही तोड चुकीची ठरवली. मूल हा-बिट असे वाचायला शिकले तर पहिला स्वर लांबवणारच, म्हणून जसे बोलतो तसे तोडा, हॅब-इट, क्लस-टर, असा त्यांचा आग्रह होता. निळ्या पुठ्ठ्याचे ते पुस्तक अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालले. ‘प्लास्टिक’ हा बेगम बाजारातला राजा शब्द मराठीत प्ला-स्टि-क असा लिहिला तरी प्लास-टिक असाच तोडावा, हे सांगताना मला वेब्स्टर आपल्या बाजूचे वाटतात. ‘सत्य’चे सत्-य करणारा आपला वृत्तनियमही त्याच बाजूला उभा आहे.

दुसरी हरकत अशी की चांगल्या इंग्रजी कोशात प्रत्येक शब्द टिंबे घालून तोडलेला असतो; ती टिंबे पाठ करावीत. या हरकतीत टिंबांच्या कामाविषयीच गैरसमज आहे. ती प्रामुख्याने छापखान्यासाठी आहेत: ओळ संपली आणि शब्द मावला नाही, तर तो कुठे मोडून जोडरेघ द्यायची, हे जुळाऱ्याला कळावे म्हणून. छापखान्याचे स्वतःचे शिष्टाचार असतात. एकच अक्षर ओळीच्या टोकाला एकटे टाकायचे नाही, शब्दाचे मूळ आणि प्रत्यय ओळखू यावेत, वाचणारा अडखळू नये. ‘नॉलेज’ या शब्दातला एल अमेरिकी पद्धत आधीच्या ओळीत ठेवते, कारण ती उच्चार पाहते. जुनी ब्रिटिश पद्धत तो पुढच्या ओळीत नेते, कारण ती शब्दाची घडण पाहते. दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींचा उच्चार एकच आहे, आणि तोड वेगळी आहे. हे काम पुढे संगणकाकडे गेले. फ्रँक लियांग यांनी 1983 साली स्टॅनफर्डच्या आपल्या प्रबंधात अक्षरांच्या 4447 साच्यांचा संच मांडला. कोशात मान्य असलेल्या तोडींपैकी सुमारे 89 टक्के तो बरोबर शोधतो आणि चुकीच्या जागी जवळजवळ तोडत नाही. आजही कितीतरी छपाई त्या साच्यांवर चालते. त्या यंत्राला एकही शब्द ऐकू येत नाही, तरी त्याचे काम अडत नाही, यातच त्या टिंबांचे स्वरूप उघड होते. छापील तोड शिकायला हरकत नाही, पण ती उच्चाराची शिकवण म्हणून देऊ नये.

तिसरी हरकत सर्वांत जाणकार आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. भाषाशास्त्रज्ञांचेच सिलेबलच्या सीमेवर एकमत नाही, मग शाळकरी मुलाने ती कशी ओळखायची? कागदाच्याच शब्दाकडे परत येऊ. जुनी शाळा त्यातला दुसरा प पुढच्या सिलेबलला देते. उच्चारकोशकार जॉन वेल्स यांनी 1990 च्या आपल्या कोशात तो पहिल्या सिलेबलला दिला, कारण आघात पहिल्यावर आहे आणि आघात असलेले सिलेबल शेजारची व्यंजने आपल्याकडे ओढते असे त्यांचे तत्त्व आहे. डॅनियल कान यांनी 1976 च्या प्रबंधात असे व्यंजन दोन्ही सिलेबलांच्या सामाईक मालकीचे ठरवले. एका प-साठी तीन निवाडे! परंतु हे तिघेही दोन गोष्टींवर एक आहेत: शब्दात सिलेबले दोन आहेत आणि आघात पहिल्यावर आहे. वाद कुंपणाचा आहे, घरे किती याचा नाही. शिकणाऱ्याला आधी हवी असते ती संख्या आणि आघाताची जागा. कुंपण दोन अंगुळे इकडेतिकडे झाले तर वाचन बिघडत नाही. संख्येतही काही शब्द डळमळतात हे मान्य करायला हवे. ‘जनरल स्टोअर्स’मधला ‘जनरल’ सावकाश बोलला तर तीन, भरभर बोलला तर दोन, ‘चॉकलेट’ही तसाच. पण ‘स्टोअर्स’ लिहिताना तीन अक्षरांचा आणि बोलताना बहुधा एकाच सिलेबलचा, हे कळण्यासाठी कोणत्याही पंडिताची वाट पाहावी लागत नाही. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दात इंग्रजी लिपीची नऊ अक्षरे आहेत आणि सिलेबल अवघे एक.

चौथी हरकत थोडी रागावलेली असते. भारतीय माणूस आपल्या पद्धतीने इंग्रजी बोलतो, ते सगळ्यांना समजते, मग हा साहेबी उच्चाराचा सोस कशाला? सोस नसावा, हे मलाही मान्य आहे. बेगम बाजारात ‘इस्टील’ मागणाऱ्याला पातेले मिळतेच आणि कोणाचे काही अडत नाही. प्रश्न लकबीचा नाही, वाचनाचा आणि स्पेलिंगचा आहे. ‘इमिटेशन’ हा लांबलचक शब्द इथल्या दागिन्यांच्या दुकानांवर सर्रास दिसतो. इंग्रजीत तो प्रथमच वाचणारे मूल एक तर पहिल्या तीन अक्षरांवरून काहीतरी अंदाज ठोकते किंवा अक्षर-अक्षर जुळवत अर्ध्या वाटेत दमते. इ-मि-टे-शन असे चार घास केले की शब्द उतरतो, आणि शेवटचा घास ओळखीचा निघतो, कारण तोच ‘स्टेशन’मध्ये आहे, ‘नेशन’मध्ये आहे. स्पेलिंगही मग घासाघासाने लक्षात राहते. नऊ अक्षरांची माळ घोकण्यापेक्षा हे सोपे आहे. आघाताचेही असेच. ‘रेकॉर्ड’ हा शब्द मराठीत एकच आहे, इंग्रजीत त्याच स्पेलिंगचे दोन आहेत. नाम असेल तर आघात पहिल्यावर आणि तोड रेक-ऑर्डच्या जवळ, क्रियापद असेल तर आघात दुसऱ्यावर आणि तोड रि-कॉर्ड. आघात सरकला की स्वर बदलतो, स्वर बदलला की सीमा सरकते. मराठीत आघाताने सहसा शब्द बदलत नाही, म्हणून आपण सगळी सिलेबले सारख्या वजनाची टाकतो. इंग्रजी ऐकताना मात्र हे उंचसखल ओळखता आले नाही, तर समोरचा भरभर बोलतो अशी तक्रार करत बसावे लागते.

म्हणून या पुस्तिकेत क्रम असा ठेवला आहे: आधी शब्द मोठ्याने म्हणायचा, स्वर मोजायचे, मग आघात शोधायचा, मग स्वरांच्या मधली व्यंजने वाटून द्यायची, आणि स्पेलिंग सगळ्यांत शेवटी उघडायचे. व्यंजने वाटताना एकच पथ्य आहे. ज्या जोडीने इंग्रजी शब्द सुरू होऊ शकत नाही, ती जोडी पुढच्या सिलेबलच्या तोंडाशी ठेवायची नाही. ‘फॅन्सी’मधली न्स ही जोडी तशी आहे, म्हणून फॅन-सी; देवनागरी तिला फॅ-न्सी असे जोडून दाखवते, तिकडे काणाडोळा करायचा. ‘एंटरप्रायझेस’ या पाट्यांवरच्या लाडक्या शब्दाची देवनागरीत सात अक्षरे होतात. स्वर मोजले तर चारच: एन-टर-प्राय-झेस, आघात पहिल्यावर.

एक मर्यादा मात्र मुद्दाम पाळली आहे. जे इंग्रजी शब्द मराठीत मुरले त्यांना या पाठांत इंग्रजी मापाने दुरुस्त केलेले नाही. इंग्रजी ‘टेबल’ची दोन सिलेबले आहेत आणि त्यांतल्या दुसऱ्यात ल हाच स्वराचे काम करतो. मराठीने त्या लच्या आधी आपला अ घालून टे-बल केले आणि विभक्ती लागताच तो अ पुन्हा गिळून टेब-ला-वर असे नवेच तुकडे पाडले. ही तोड कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही आणि तिथे ती शोधण्याचे कारणही नाही. ‘टेबलावर’ हा मराठी शब्द आहे आणि तो मराठीसारखाच तुटतो. ‘डझन’चे डझनाला होते तेव्हाही तेच घडते. विद्यार्थ्याने मराठी वाक्यात ‘टेबलावर’ म्हणताना मराठी तोड ठेवावी, इंग्रजी वाक्यात तोच शब्द आला तर इंग्रजी. दखनीत ‘इस्टील’ म्हणून घासाघीस करावी आणि परीक्षेत स्टील हे एक सिलेबल लिहावे.